‘ब्लॉकबस्टर’ आधी बॉम्ब होता, मग सिनेमा झाला : रोजच्या इंग्रजी शब्दांत लपलेला अमेरिकेचा इतिहास

शुक्रवारी सिनेमा रिलीज होतो, रविवारपर्यंत कमाईचे आकडे येतात आणि सोमवारी पोस्टरवर शब्द झळकतो, ‘ब्लॉकबस्टर’. मराठी सिनेमांच्या पोस्टरवरही तो आता सर्रास दिसतो. या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. पण हा शब्द आला कुठून, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, तिकिटाची रांग अख्ख्या ब्लॉकला वळसा घालायची म्हणून ब्लॉकबस्टर.

गोष्ट ऐकायला छान आहे, पण खरी नाही. ब्लॉकबस्टर हा बॉम्ब होता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने जर्मनीवर चार हजार पौंडांचे, म्हणजे साधारण १,८०० किलोचे बॉम्ब टाकायला सुरुवात केली. एका बॉम्बमध्ये इमारतींची अख्खी ओळ, म्हणजे ‘ब्लॉक’ जमीनदोस्त व्हायचा. १९४२ च्या सुमारास वृत्तपत्रांनी त्याला ‘ब्लॉकबस्टर’ म्हणायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी हॉलिवूडच्या जाहिरातवाल्यांनी तो उचलला. आमचा सिनेमा असा काही धमाका करेल की बस्स, एवढाच त्यांचा अर्थ होता.

इथपर्यंतचा प्रवास बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. पण युद्ध संपल्यावर या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला आणि तो शब्दकोशात सिनेमाच्या बराच खाली सापडतो. अमेरिकेत १९५० च्या दशकात ‘ब्लॉकबस्टर’ म्हणजे एका विशिष्ट प्रकारचा इस्टेट एजंट. आणि ‘ब्लॉकबस्टिंग’ हा त्याचा धंदा.

एजंट काय करायचा?

गोऱ्या लोकांची एखादी वस्ती निवडायचा. तिथे एक घर कृष्णवर्णीय कुटुंबाला विकायचा. किंवा तेवढंही नाही, एखाद्या कृष्णवर्णीय बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत त्या गल्लीतून चक्कर मारायला सांगायचा. मग घरोघरी जाऊन गोऱ्या मालकांच्या कानाला लागायचा, ‘आता इथे ‘ते’ लोक येणार, घराच्या किमती पडणार, आजच विकून मोकळे व्हा.’ घाबरलेली माणसं मिळेल त्या भावात घरं विकायची. तीच घरं एजंट कृष्णवर्णीय कुटुंबांना कितीतरी जास्त दराने विकायचा. या कुटुंबांना बँका कर्ज देत नव्हत्या, त्यामुळे व्यवहार हप्त्यांच्या करारावर व्हायचा. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर होत नसे आणि एखादा हप्ता चुकला तर घरही जायचं, भरलेले पैसेही.

शिकागोतला नॉर्थ लॉनडेल हा भाग घ्या. १९५० मध्ये तिथे कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे १३ टक्के होतं. १९६० मध्ये ते ९१ टक्के झालं. फक्त दहा वर्षांत! गोऱ्यांनी असं घाईघाईने वस्ती सोडण्याला इंग्रजीत ‘व्हाइट फ्लाइट’ म्हणतात. फ्लाइट म्हणजे इथे विमान नाही, पळ काढणं. पुढे १९६८ मध्ये लॉनडेलमधल्या फसवल्या गेलेल्या घरमालकांनी संघटना काढून हप्ते रोखले आणि करार बदलून मागितले. त्याच वर्षी ‘फेअर हाउसिंग’ कायद्याने ब्लॉकबस्टिंगवर बंदी आली.

इंग्रजी शब्द पाठ करायला अॅप्स आहेत, रील्स आहेत, ‘रोज १० शब्द’ देणारे चॅनल्स आहेत. तिथे शब्दाचा अर्थ मिळतो. तो शब्द कुणी बनवला, कुणासाठी बनवला आणि त्यातून कुणाचा फायदा झाला, हे मात्र मिळत नाही. आणि शब्द वापरताना माणसं चुकतात ती बऱ्याचदा नेमकी इथेच. विसाव्या शतकातल्या अमेरिकेने जगाच्या इंग्रजीत एवढे शब्द ओतले की त्या काळातली भांडणं माहिती असली, तर शब्दांचा मोठा साठा आपोआप लक्षात राहतो.

‘रेड लाइन’ आणि ‘रेडलायनिंग’ एक नाही

बँका कर्ज देत नव्हत्या, असं वर म्हटलं. त्यालाही एक शब्द आहे, रेडलायनिंग.

१९३० च्या दशकातल्या महामंदीत लाखो अमेरिकन लोकांची घरं जप्त होऊ लागली. त्यांना वाचवण्यासाठी १९३३ मध्ये सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापन केलं. या संस्थेने दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे तयार केले. प्रत्येक वस्तीला श्रेणी आणि श्रेणीनुसार रंग. सर्वांत चांगली वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी आणि सर्वांत ‘धोकादायक’ ती लाल. कृष्णवर्णीय राहतात ती वस्ती जवळपास नेहमीच लाल. १९३४ मध्ये गृहकर्जांना सरकारी हमी देणारी दुसरी संस्था आली, तिनेही वस्तीतले लोक कोणत्या वंशाचे आहेत हे बघूनच हमी द्यायची की नाही ते ठरवलं. हमी नाही तर कर्ज नाही. कर्ज नाही तर घर नाही, दुरुस्ती नाही, दुकान नाही.

गंमत म्हणजे हे सगळं घडत होतं तेव्हा त्याला नाव नव्हतं. ‘रेडलायनिंग’ हा शब्द रूढ झाला १९६० च्या दशकात, शिकागोतल्या कार्यकर्त्यांमुळे आणि अभ्यासकांमुळे. अन्याय सुरू झाल्यानंतर साधारण तीस वर्षांनी त्याचं बारसं झालं.

आता वापराबद्दल. बातम्यांत ‘भारताने रेड लाइन आखली’ असं वाचायला मिळतं. तिथे अर्थ असतो, याच्या पुढे गेलात तर खपवून घेणार नाही. ‘रेडलायनिंग’चा त्याच्याशी संबंध नाही. एखाद्या भागातल्या लोकांना ते तिथे राहतात म्हणूनच कर्ज, विमा किंवा सेवा नाकारणं म्हणजे रेडलायनिंग. अॅप विशिष्ट पिनकोडवर डिलिव्हरी देत नसेल, तर त्याबद्दल ‘डिजिटल रेडलायनिंग’ हा शब्द वापरला जातो तो याच अर्थाने.

रस्ता कुणाचा?

मुंबईत वाहतूक पोलिसांच्या मोहिमेच्या बातमीत ‘जेवॉकिंग’ हा शब्द येतो. सिग्नल न पाहता, झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडणं. यातला ‘जे’ हे एबीसीडीतलं अक्षर असावं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बोलीत ‘जे’ म्हणजे खेडवळ, अडाणी माणूस. मराठीत ‘गावंढळ’ म्हटलं की जो तुच्छपणा येतो, तोच. म्हणजे जेवॉकर हा कायद्यातला शब्द नव्हे, ती मुळात शिवी होती.

ही शिवी का लागली? १९२० च्या आधी शहरातला रस्ता सगळ्यांचा होता. लोक कुठूनही ओलांडायचे, पोरं खेळायची, हातगाड्या लागायच्या. मग मोटारी आल्या आणि माणसं चिरडली जाऊ लागली, त्यात लहान मुलं बरीच. सुरुवातीला लोकांचा सगळा राग मोटारींवर होता. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२ हजार लोकांनी सही करून मागणी केली की, प्रत्येक मोटारीत असं यंत्र बसवा की ती ताशी २५ मैलांच्या, म्हणजे ४० किलोमीटरच्या वर जाणारच नाही.

मोटार विक्रेते हादरले. त्यांनी जोरदार प्रचार केला आणि मतदानात तो प्रस्ताव पाडला. पण धडा घेतला. वेगावर चर्चा होऊ द्यायची नसेल, तर चर्चा चालणाऱ्याच्या चुकीवर न्यायला हवी. ‘जेवॉकर’ ही शिवी तेव्हा बोलीत होतीच, मोटार क्लबांनी ती उचलून धरली. ठिकठिकाणी स्काउटची मुलं रस्त्यावर उभी करून ‘चुकीच्या’ पद्धतीने चालणाऱ्यांच्या हातात समज देणारी कार्डं ठेवली गेली. १९२५ मध्ये लॉस एंजेलिसने पादचाऱ्यांवर बंधनं घालणारा नियम केला आणि त्याचा नमुना पुढे देशभर गेला. अमेरिकन इतिहासकार पीटर नॉर्टन यांनी ‘फायटिंग ट्रॅफिक’ या पुस्तकात हा सगळा प्रवास सविस्तर मांडला आहे.

अपघात झाला की ‘मध्ये कोण आला?’ हा प्रश्न आधी येतो आणि ‘गाडी किती वेगात होती?’ हा नंतर. एका शब्दाने एवढं काम केलं. अर्थात चाक आता थोडं उलटं फिरतंय. कॅलिफोर्नियाने २०२३ पासून नियम सैल केला आणि २०२४ मध्ये न्यूयॉर्क शहराने जेवॉकिंग गुन्ह्यांच्या यादीतून काढून टाकलं.

२०० डॉलरचा शब्द

शब्द पैसे देऊनही बनवून घेतले गेले आहेत. १९२० ते १९३३ अमेरिकेत देशभर दारूबंदी होती. बंदी होती म्हणजे दारू मिळत नव्हती असं नाही, हे सांगायला नकोच. ‘बूटलेगर’ (चोरून दारू विकणारा) आणि ‘स्पीकइझी’ (लपूनछपून चालणारा बार) हे शब्द आधीपासून होते, पण ते घरोघरी पोचले या तेरा वर्षांत. घरात काढलेल्या दारूला ‘बाथटब जिन’ असं खास नाव मिळालं. आपल्याकडे ‘हातभट्टी’ म्हणतात त्याच जातीचं.

मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावातले डेल्सेव्हेअर किंग हे श्रीमंत गृहस्थ दारूबंदीचे कट्टर समर्थक. कायदा मोडून पिणाऱ्याला लाज वाटेल असा एखादा झोंबणारा शब्द हवा, म्हणून त्यांनी २०० डॉलरचं बक्षीस लावलं. २५ हजारांहून जास्त शब्द आले. जानेवारी १९२४ मध्ये निकाल लागला, ‘स्कॉफलॉ’. स्कॉफ म्हणजे टर उडवणं, लॉ म्हणजे कायदा. हाच शब्द दोघांनी पाठवला होता, त्यामुळे बक्षीस शंभर-शंभर वाटून दिलं.

लाज कुणाला वाटली? त्याच महिन्यात पॅरिसमधल्या एका अमेरिकन बारने ‘स्कॉफलॉ’ नावाचं कॉकटेल बाजारात आणलं! दारूबंदी गेली, शब्द मात्र राहिला. आज अमेरिकेत पार्किंगचे दंड वर्षानुवर्षं न भरणाऱ्याला स्कॉफलॉ म्हणतात. ई-चलान थकवणाऱ्यांसाठी हा शब्द आपल्याकडे कुणी अजून कसा उचलला नाही, हेच आश्चर्य.

त्यानंतरच्या मंदीने तर राष्ट्राध्यक्षांच्या नावाचाच शब्दसंग्रह तयार केला. हर्बर्ट हूवर यांच्या काळात बेघरांच्या झोपडपट्टीला ‘हूवरव्हिल’ म्हणत, अंगावर पांघरलेल्या वर्तमानपत्राला ‘हूवर ब्लँकेट’ आणि रिकामा खिसा उलटा करून बाहेर काढला की तो ‘हूवर फ्लॅग’. १९५० मध्ये अशीच पाळी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्यावर आली. ‘हा कम्युनिस्ट, तो कम्युनिस्ट’ असे पुराव्याशिवाय आरोप करण्याच्या त्यांच्या पद्धतीला ‘मॅकार्थीझम’ हा शब्द व्यंगचित्रकार हर्बलॉक यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मधल्या चित्रात वापरला आणि तो कायमचा चिकटला. आपण सहज वापरतो तो ‘ब्रेनवॉश’ही त्याच वर्षीचा. एडवर्ड हंटर या अमेरिकन पत्रकाराने चिनी शब्दाचं शब्दशः भाषांतर करून तो छापला होता.

नागपूरहून गेलेला धडा

१ फेब्रुवारी १९६०. नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो शहर. वूलवर्थ नावाच्या दुकानात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गेले. त्यांनी किरकोळ वस्तू घेतल्या, पैसे दिले, पावती घेतली. मग ते त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. कॉफी मिळाली नाही. टूथपेस्ट विकत घेताना त्यांचे पैसे चालत होते, पण त्या स्टुलावर बसण्याचा हक्क फक्त गोऱ्यांना होता. चौघं दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. आठवडा संपायच्या आत ही संख्या शेकड्यांत गेली. जुलैमध्ये वूलवर्थने तो काउंटर सगळ्यांसाठी खुला केला.

या आंदोलनाचं नाव ‘सिट-इन’. शब्दशः बसणं. मराठीत त्याला चपखल शब्द आहे, ठिय्या.

आणि इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. ग्रीन्सबरोनंतर काही दिवसांतच टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये सर्वांत शिस्तबद्ध सिट-इन झाले. त्या विद्यार्थ्यांना तयार केलं होतं जेम्स लॉसन यांनी. कोरियन युद्धात सक्तीच्या भरतीला नकार दिल्यामुळे लॉसन तुरुंगात गेले होते. सुटल्यावर १९५३ मध्ये ते मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरला आले, हिस्लॉप कॉलेजमध्ये राहिले आणि १९५६ पर्यंतच्या मुक्कामात त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. माँटगोमेरीतल्या बस बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरात असतानाच वाचली.

परत गेल्यावर नॅशव्हिलमध्ये त्यांनी कार्यशाळा घेतल्या. त्यात काही विद्यार्थी गोरे गुंड व्हायचे. शिव्या द्यायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे, खुर्चीवरून खाली ओढायचे. बाकीच्यांनी हात न उचलता बसून राहायचं, हा सराव. काउंटरवर प्रत्यक्षात तेच झालं आणि मुलं हलली नाहीत. १० मे १९६० ला नॅशव्हिलमधले काउंटर उघडले. लॉसन यांना मात्र त्याआधीच व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं होतं.

शब्दांच्या बाजूने पाहिलं तर ‘सिट-इन’मधला ‘इन’ हा शेपटीचा तुकडा भलताच चालला. १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरोधात रात्रभर व्याख्यानं झाली, ते ‘टीच-इन’. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हिप्पी नुसतेच जमले, ते ‘बी-इन’. १९६९ मध्ये जॉन लेनन आणि योको ओनो शांततेसाठी हॉटेलच्या पलंगावर बसून राहिले, ते ‘बेड-इन’. शब्दसंग्रह वाढवण्यासाठी असे तुकडे ओळखणं सुटे शब्द पाठ करण्यापेक्षा कितीतरी सोपं. ‘अल्कोहोलिक’ची शेपटी तोडून १९७१ मध्ये ‘वर्कोहोलिक’ पुस्तकाच्या नावात आला, मग ‘शॉपोहोलिक’. १९७२ च्या वॉटरगेट प्रकरणानंतर कोणत्याही घोटाळ्याला ‘गेट’ लावायची सवय लागली. वॉटरगेट हे मुळात इमारतींच्या संकुलाचं नाव आहे, त्यात ‘गेट’चा घोटाळ्याशी काहीच संबंध नाही. पण भाषेला त्याचं काय!

कुणाला काय म्हणायचं

इंग्रजी शिकणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक इथे होते. जुन्या पुस्तकात ‘निग्रो’ शब्द वाचलेला असतो आणि तो आजच्या ईमेलमध्ये किंवा कमेंटमध्ये वापरला जातो.

१९०९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या नामांकित नागरी हक्क संघटनेच्या नावात ‘कलर्ड पीपल’ आहे. तेव्हा तो सभ्य शब्द होता. मग ‘निग्रो’ सन्मानाचा शब्द झाला. त्याचं पहिलं अक्षर मोठं छापावं यासाठी वृत्तपत्रांशी लढा द्यावा लागला आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते १९३० मध्ये मान्य केलं. १९६६ मध्ये स्टोकली कारमायकल यांनी ‘ब्लॅक पॉवर’ची घोषणा दिली आणि नवी पिढी म्हणाली, आम्ही ब्लॅक. तोपर्यंत ‘काळा’ म्हणणं हा अपमान मानला जायचा, तोच शब्द अभिमानाने कपाळावर लावला. १९८८ च्या शेवटी जेसी जॅक्सन यांनी ‘आफ्रिकन अमेरिकन’चा आग्रह धरला. आज हे दोन्ही चालतात. २०२० मध्ये असोसिएटेड प्रेसने ‘ब्लॅक’चंही पहिलं अक्षर मोठं करायचं ठरवलं. ‘कलर्ड’ आणि ‘निग्रो’ आता फक्त संस्थांच्या जुन्या नावांत आणि इतिहासाच्या पानांत.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. ‘हरिजन’ हा शब्द दुसऱ्यांनी दिलेला, ‘दलित’ हा चळवळीने स्वतः उचललेला. १९६६ मध्ये ओकलंडमध्ये ‘ब्लॅक पँथर’ उभी राहिली आणि १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने ‘दलित पँथर’. नावातला पँथर तिथूनच आला.

फॉर्मवर काय लिहायचं?

मराठी लग्नपत्रिकेत पुरुषाच्या नावामागे ‘श्री.’ असतं, लग्न झालेलं असो वा नसो. बाईला मात्र ‘कु.’, ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ यातलं एक निवडावं लागतं आणि तिघांपैकी काहीही लिहिलं तरी तिच्या नवऱ्याची माहिती आपोआप उघड होते. इंग्रजीत ‘मिस’ आणि ‘मिसेस’चं तेच दुखणं. त्यावरचा उपाय म्हणून ‘मिझ’ हे संबोधन मॅसॅच्युसेट्समधल्या एका वृत्तपत्राने १९०१ मध्येच सुचवलं होतं. कुणी लक्ष दिलं नाही. १९७२ मध्ये ग्लोरिया स्टायनम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं त्याच नावाचं मासिक सुरू झालं आणि शब्द घराघरात गेला. तोपर्यंत बँका लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय क्रेडिट कार्ड नाकारू शकत होत्या, त्याला कायद्याने चाप बसला १९७४ मध्ये. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘मिझ’ स्वीकारलं ते थेट १९८६ मध्ये. आज कामाच्या ईमेलमध्ये अनोळखी महिलेला लिहिताना हेच वापरावं.

पण नाव नसण्याची खरी किंमत काय असते, हे कळतं ते कॉर्नेल विद्यापीठातल्या एका घटनेतून. तिथल्या प्रयोगशाळेच्या ऑफिसात काम करणारी एक महिला तिथल्या एका प्राध्यापकाच्या अंगलट येण्याला कंटाळली. जिन्याने जायला लागली, लिफ्ट टाळायला लागली. तब्येत बिघडली, बदली मिळेना, शेवटी नोकरी सोडली. बेकारी भत्त्यासाठी अर्ज करायला गेली तेव्हा फॉर्मवर प्रश्न होता, नोकरी सोडण्याचं कारण काय?

तिला लिहिता येईना. जे झालं त्याला शब्दच नव्हता. तिने लिहिलं, ‘वैयक्तिक कारण’. भत्ता नामंजूर झाला.

१९७५ मध्ये त्याच विद्यापीठात शिकवणाऱ्या लिन फार्ली आणि त्यांच्या सहकारी तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. जाहीर सभा घ्यायची तर पत्रकावर लिहायचं काय, यावर खल झाला. धमकावणं म्हणावं, जबरदस्ती म्हणावं की शोषण? प्रत्येक शब्द कुठेतरी कमी पडत होता. डोळा मारण्यापासून अंगावर हात टाकण्यापर्यंत सगळं ज्यात बसेल असा शब्द हवा होता. ‘सेक्शुअल हॅरासमेंट’वर एकमत झालं. मे महिन्यात सभा झाली तेव्हा एकामागून एक बायका उठून बोलायला लागल्या. १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा बेकायदा भेदभाव असल्याचं मान्य केलं. भारतात १९९७ चा विशाखा निकाल आणि २०१३ चा कायदा आला, तेव्हा हाच शब्द ‘लैंगिक छळ’ बनून मराठीत, प्रत्येक ऑफिसातल्या समितीच्या पाटीवर पोचला.

‘वोक’ म्हणजे शिवी की शाबासकी?

मराठी कमेंट बॉक्समध्ये सध्या सर्वांत जास्त फेकला जाणारा अमेरिकन शब्द बहुधा हाच. ‘वोक गँग’, ‘वोकपणा’. मूळ अर्थ साधा आहे, जागा असलेला.

१९३१ मध्ये अलाबामातल्या स्कॉट्सबरो इथे नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचे खोटे आरोप लावण्यात आले आणि बहुतेकांना फाशी सुनावली गेली. १९३८ मध्ये लोकगायक लेड बेली यांनी या प्रकरणावर गाणं रेकॉर्ड केलं. त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी बोलताना ते कृष्णवर्णीय लोकांना त्या भागात जाताना सावध राहायला सांगतात, त्यात हा शब्द येतो. म्हणजे ‘वोक’ हा जीव वाचवण्याचा सल्ला होता. १९६२ मध्ये लेखक विल्यम मेल्विन केली यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘वोक’ होता. आपले शब्द गोरे उचलतात आणि तोपर्यंत त्यांचा अर्थ बदललेला असतो, हाच त्या लेखाचा विषय होता! २०१४ मध्ये फर्ग्युसनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृत्यू झाल्यावर हा शब्द ट्विटरवरून जगभर गेला. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आला. आणि २०२२ मध्ये फ्लोरिडाने ‘स्टॉप वोक’ या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. ८४ वर्षांत सल्ल्याची शिवी झाली. आता तो कुणी वापरला तर शब्दाचा अर्थ बघून भागत नाही, बोलणारा कोण आहे ते बघावं लागतं.

अशा गोष्टी शोधताना एक खबरदारी घ्यायला हवी. ‘पिकनिक’ हा शब्द कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून ठार मारण्याच्या ‘सोहळ्यां’वरून आला, अशी पोस्ट दर काही महिन्यांनी फिरते. हे चूक आहे. पिकनिक हा सतराव्या शतकातल्या फ्रेंच भाषेतला शब्द आहे. झुंडीने केलेल्या हत्या मात्र खऱ्या आहेत. १८७७ ते १९५० या काळात अशा ४,४०० हून जास्त हत्यांची नोंद अभ्यासकांनी केली आहे आणि काही ठिकाणी गर्दीने त्याचे फोटो काढून पोस्टकार्डंही छापली होती. तिथे खोट्या व्युत्पत्तीची गरजच नाही.

पोस्ट फॉरवर्ड करण्याआधी तपासायची सोपी जागा आहे. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशाच्या साइटवर ‘टाइम ट्रॅव्हलर’ नावाचं पान आहे, फुकट. त्यात वर्ष निवडलं की त्या वर्षी पहिल्यांदा छापून आलेल्या शब्दांची यादी येते. १९२०, १९३३, १९६८ अशी वर्षं टाकून बघा. मग स्वतःच्या जन्माचं वर्ष टाका.